डेव्हिल्स टॉवर: भेगांनी घडवलेला डोंगर

अमेरिकेच्या वायोमिंग राज्यातील डेव्हिल्स टॉवर हा एका प्रचंड वृक्षाचा दगड झालेला बुंधा आहे, असे ठामपणे सांगणाऱ्या चित्रफिती समाजमाध्यमांवर वारंवार फिरत असतात. त्यांत पुरावा म्हणून दाखवल्या जाणाऱ्या उभ्या रेषा खऱ्या आहेत. मात्र त्या लाकडाच्या तंतूंच्या नसून थंड होताना तडकलेल्या शिलारसाच्या आहेत.

या डोंगराकडे जाण्याचा एक अतिशय रमणीय मार्ग साउथ डकोटातील डेडवुडहून निघतो. १८६८ च्या कराराने लाकोटा या आदिवासी लोकांसाठी राखून ठेवलेल्या भूमीवर, सोन्याच्या लोभाने आलेल्यांनी १८७६ मध्ये बेकायदा वसवलेले हे गाव. तेथून स्पिअरफिश आणि सनडान्समार्गे पश्चिमेकडे जाताना तांबड्या गाळाच्या खडकांचे पट्टे दिसत राहतात आणि अखेर, पायथ्यापासून सुमारे २६४ मीटर उंच असलेला तो करडा मनोरा समोर येतो. १९०६ मध्ये थिओडोर रूझवेल्ट यांनी त्याला अमेरिकेचे पहिले राष्ट्रीय स्मारक घोषित केले.

सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी येथे वर चढलेला शिलारस थिजून फोनोलाइट नावाचा खडक तयार झाला. हा शिलारस ज्वालामुखीच्या नळीत थिजला की गाळाच्या थरांमध्ये, याविषयी भूशास्त्रज्ञांत मतभेद आहेत. ज्यांच्यामधल्या भेगा उभ्या रेषांसारख्या दिसतात, ते स्तंभ कसे घडले याविषयी मात्र नाहीत. थिजलेला खडक आणखी थंड होताना आकसतो, पण शेजारचा खडक त्याला मोकळेपणी आकसू देत नाही, म्हणून ताण साठतो आणि बाहेरच्या, आधी निवलेल्या पृष्ठभागावर भेगा पडतात. सुरुवातीला नवी भेग जुन्या भेगेला काटकोनात मिळते. पुढे उष्णता आत आत ओसरत जाते, तशा भेगाही टप्प्याटप्प्याने आत सरकतात; प्रत्येक टप्प्यात भेगेचे टोक अजून मऊ असलेल्या गरम खडकापाशी थांबते आणि तो पुरेसा निवल्यावरच पुढे जाते. या असंख्य टप्प्यांत भेगांच्या जागा किंचित बदलत जातात, तिठ्यांवरचे कोन १२० अंशांकडे झुकतात आणि ताण तिन्ही दिशांना सारखा मोकळा होतो. प्रत्येक तिठ्यावर तीनच भेगा भेटत असतील, तर विस्तृत जाळ्यातील आकृत्यांच्या बाजूंची सरासरी सहाच येते, हा निव्वळ भूमितीचा नियम आहे. म्हणूनच येथे पाच वा सात बाजूंचे स्तंभही आहेत, पण षटकोनांचे प्राबल्य आहे. निवणे जितके संथ, तितका स्तंभ जाड, आणि टॉवरचे काही स्तंभ दोन मीटरांहून रुंद आहेत. कॉर्नफ्लोअर (मक्याचे पीठ) पाण्यात कालवून जाड थर सावकाश वाळवला, तर त्यातही असेच, पण काही मिलिमीटर जाडीचे स्तंभ तयार होतात, कारण तेथे उष्णतेचे काम ओलावा करतो.

अस्वलाच्या नखांनी या रेषा ओरखडल्या गेल्या, ही स्थानिक आदिवासी जमातींची कथा त्यांच्या श्रद्धेचा भाग आहे आणि ती विज्ञानाचे सोंग घेत नाही. बुंध्याची कथा मात्र ते घेते, म्हणून तिचा प्रतिवाद करणे आवश्यक आहे. खनिजांनी जागा घेतल्यामुळे जीवाश्म झालेल्या लाकडात पेशींची रचना सूक्ष्मदर्शकाखाली टिकून दिसते. टॉवरच्या खडकात पेशी नाहीत, फेल्डस्पार या खनिजाचे स्फटिक आहेत.

हीच प्रक्रिया पाहायला मराठी वाचकाला वायोमिंगला जावे लागत नाही. अंधेरीतील गिल्बर्ट हिल हा सुमारे ६० मीटर उंचीचा, दख्खनच्या ज्वालामुखी काळातील बेसाल्टचा स्तंभसमूह आहे. तेथील खडक टॉवरपेक्षा एक कोटी वर्षांहून अधिक जुना आहे, आणि त्याच्याभोवतीचा बराचसा भाग दगडाच्या खाणींसाठी केव्हाच कापला गेला आहे.