तळं भरलं म्हणजे फ्लेमिंगो येणारच?

पाऊस चांगला झाला की सातारा जिल्ह्यात खटाव-माणकडे हमखास ऐकू येतं, "यंदा तळं काठोकाठ भरलंय, फ्लेमिंगोंची चंगळ!" गंमत अशी की या पक्ष्याला भरलेलं तळं गैरसोयीचं. मायणी, येरळवाडी परिसरातल्या तलावांना २०२१ मध्ये पक्षी संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला. तिथे रोहित म्हणजे फ्लेमिंगो पाहायचे असतील, तर पाणी ओसरून काठ उथळ व्हायला हवा. त्यांचं खाणं तळच्या गाळात असतं आणि तिथवर पाय-मान पुरावी लागते.

दुर्बीण चोचीवर लावा. खालची चोच खोलगट नि दणकट, वरची झाकणासारखी पातळ. बहुतेक पक्ष्यांच्या बरोबर उलट. कारण खाताना डोकंच उलटं असतं. खालच्या चोचीच्या पन्हळीत मांसल जीभ असते. ती मागे सरली की आतला दाब घटतो आणि गढूळ पाणी चोचीत शिरतं. पुढे आली की पाणी बाहेर ढकललं जातं. सायकलच्या पंपातला दट्ट्याच, पण सेकंदाला चार-पाच वेळा चालणारा! चोचीच्या कडांना सूक्ष्म पट्टिकांच्या रांगा असतात. त्यांतून पाणी निसटतं, अळ्या आणि बिया अडकतात, आणि जिभेवरचे मागे वळलेले काटे त्या घशाकडे सारतात. या पट्टिकांमधल्या फटींवर आहार ठरतो. छोटा आणि मोठा रोहित या दोन वेगळ्या जाती. छोट्या रोहिताच्या फटी इतक्या बारीक, की तो सूक्ष्म नीलहरित शैवाल गाळून खातो. मोठा रोहित अळ्या नि कवचधारी जीव टिपतो. म्हणून एकाच पाण्यात दोघांचं जमतं. चिली फ्लेमिंगोंवरच्या २०२५ च्या संशोधनात तर दिसलं, की डोकं झटक्यात वर ओढून हा पक्षी पाण्यात भोवरा उठवतो आणि तळचं भक्ष्य वर आणतो.

गुलाबी रंगही याच खाण्यातल्या कॅरोटिनॉइड रंगद्रव्यांचा. पिल्लाला 'रक्त पाजणाऱ्या' फ्लेमिंगोचा व्हिडिओ व्हॉट्सॲपवर फिरतो, त्यावर मुळीच विश्वास ठेवू नका. ते पचनमार्गाच्या वरच्या भागात स्रवणारं पौष्टिक दूध असतं, त्याच द्रव्यांनी लाल झालेलं.

तळ्यावर सकाळी जा, ड्रोन घरी ठेवा. पाणी हटलेल्या गाळात कडं कोरल्यासारखे गोल चर दिसले, मध्ये उंचवटा राहिलेला, तर थांबून पाहा. मोठा रोहित चोच मध्यभागी ठेवून पाय आपटत स्वतःभोवती फिरतो, त्याने असे चर पडतात.