लहान विमानातील विद्युत बिघाड

लहान विमानातील विद्युत बिघाड : एका पिस्टन इंजिनाच्या विमानात उड्डाण चालू असताना अल्टरनेटर (इंजिनाच्या फिरण्यातून वीज बनवणारे यंत्र) बंद पडणे, बॅटरी संपणे किंवा सगळी विद्युत यंत्रणाच निकामी होणे, आणि अशा अवस्थेत विमान सुखरूप उतरवण्याची वैमानिकाची कार्यपद्धती. या नोंदीत प्रामुख्याने सेसना १७२ हे विमान समोर ठेवले आहे. १९५६ पासून विकले जाणारे हे चार आसनी विमान जगात सर्वाधिक संख्येने तयार झालेले विमान आहे आणि असंख्य वैमानिक त्यावरच शिकले आहेत.

वीज गेली तरी अशा विमानाचे इंजिन थांबत नाही. इंजिनावर दोन मॅग्नेटो असतात. इंजिनाच्याच फिरण्यातून ते ठिणगीसाठी लागणारी वीज तयार करतात. बॅटरीशी त्यांचा संबंध नसतो. सेसनाचे पंख केबिनच्या वर असल्याने टाक्यांतले इंधन उताराने खाली येते. वेगमापक, उंचीमापक आणि चढ-उतार दाखवणारे उपकरण हवेच्या दाबावर चालतात. पारंपरिक तबकड्यांच्या विमानात कृत्रिम क्षितिज आणि दिशादर्शक जायरो इंजिनावरच्या व्हॅक्यूम पंपावर फिरतात, तर टर्न कोऑर्डिनेटर (वळण दाखवणारे उपकरण) मुद्दाम विजेवर ठेवलेला असतो, म्हणजे एक स्रोत गेला तरी दुसरा उरावा. सेसना १७२ चा स्टॉलचा (पंखांची उचल कोसळण्याचा) इशारा देणारा भोंगासुद्धा पंखाच्या कडेवरील छिद्रातून ओढल्या जाणाऱ्या हवेने वाजतो.

वीज संपल्यावर जाते ते हे : रेडिओ, ट्रान्सपॉन्डर (रडारला विमानाची ओळख कळवणारे यंत्र), दिशादर्शनाची साधने, आतले-बाहेरचे दिवे, पिटो नळीचा (वेगमापकाला समोरच्या हवेचा दाब पुरवणाऱ्या नळीचा) हीटर, फ्लॅपची (उतरताना खाली सोडायच्या, पंखामागच्या झडपांची) मोटर आणि इंधनदर्शक काटे. हे काटे शून्यावर पडलेले पाहून नवख्याचा जीव खालीवर होतो. पण टाकीत इंधन तेवढेच असते. उड्डाणापूर्वी टाकीत काडी घालून मोजलेले इंधन आणि मनगटावरचे घड्याळ यांवर हिशेब ठेवणारा वैमानिक अशा वेळी शांत राहू शकतो.

बिघाड ओळखणे

बहुतेक वेळा सुरुवात अल्टरनेटरपासून होते. त्याचा पट्टा तुटतो, ब्रश झिजतात, फील्डची तार सैल होते किंवा व्होल्टेज नियंत्रक बिघडतो. सेसना १७२ एस या नव्या प्रकारात २८ व्होल्टचा ६० अँपिअर क्षमतेचा अल्टरनेटर आणि २४ व्होल्टची बॅटरी असते, व्होल्टेज २४.५ च्या खाली गेले की इशाऱ्याचा दिवा लागतो. जुन्या विमानांत १४ व्होल्टची यंत्रणा आढळते आणि काहींत इशाऱ्याचा दिवाही नसतो. तिथे अँमीटरकडे (विजेचा प्रवाह दाखवणाऱ्या तबकडीकडे) अधूनमधून नजर टाकण्याची सवय हाच आधार.

अँमीटर दोन तऱ्हेचे असतात. सेसनात मध्यभागी शून्य असते. काटा उणे बाजूला झुकला की बॅटरी रिकामी होत आहे. पायपरच्या अनेक विमानांत मात्र तो अल्टरनेटरवरचा भार दाखवतो. तिथे काटा शून्यावर आला म्हणजे अल्टरनेटर मेला. एका विमानावरून दुसऱ्यावर गेलेल्याने हा फरक जमिनीवर असतानाच समजून घ्यायला हवा. उलट बिघाडही होतो. नियंत्रक बिघडून बॅटरीला अति चार्ज मिळू लागला तर ती तापते आणि तिच्यातला द्रव उडून जातो. तेव्हा अल्टरनेटर बंद करणे हाच उपाय.

पहिली कृती

विमान सरळ, समतल आणि ठरल्या वेगात ठेवणे हे पहिले काम. बटणांकडे वळायचे ते त्यानंतर. सेसना १७२ एस च्या पुस्तिकेतील क्रम थोडक्यात असा : एव्हिऑनिक्सचा (रेडिओ व दिशादर्शनाच्या साधनांचा) स्विच बंद, अल्टरनेटरचा सर्किट ब्रेकर (भार वाढल्यास बाहेर येऊन वीज तोडणारे बटण) आत असल्याची खात्री, मास्टर स्विचच्या दोन्ही बाजू (बॅटरी आणि अल्टरनेटर) बंद करून पुन्हा चालू. व्होल्टेज जास्त झाल्यामुळे यंत्रणेने अल्टरनेटर आपणहून तोडला असेल तर एवढ्याने तो परत येतो. दिवा पुन्हा लागला तर अल्टरनेटर बंद करायचा, बिनगरजेची उपकरणे बंद करायची आणि व्यवहार्य तितक्या लवकर उतरायचे. बाहेर आलेला सर्किट ब्रेकर फार तर एकदाच आत दाबावा, तेही ते उपकरण खरोखर लागणार असेल तरच. जळका वास किंवा धूर असेल तर त्याला हात लावू नये. अशा वेळी मास्टर स्विच बंद करणे प्रथम.

यानंतर उरते ती बॅटरी. नळाचे पाणी गेल्यावर गच्चीवरची टाकी जशी जपून वापरायची, तशी ही वीज वापरावी लागते. शंभर वॉटचा लँडिंग दिवा १४ व्होल्टवर सुमारे ७ अँपिअर खातो. पिटो हीटरही मोठा खादाड. रेडिओला ऐकण्यासाठी थोडी वीज पुरते, बोलण्यासाठी बरीच जास्त लागते. म्हणून संदेश एकच, छोटा आणि पूर्ण द्यावा : विमानाचे नाव, जागा, बिघाड काय, कुठे उतरणार, आणि पुढे आवाज आला नाही तरी काय करणार. ट्रान्सपॉन्डर चालू असताना त्यावर ७६०० हा आकडा लावला की रडारसमोर बसलेल्याला कळते की या विमानाचा रेडिओ गेला आहे. धोका वाढला तर ७७००.

बॅटरी किती वेळ टिकेल? नंतरच्या काळात अमेरिकी नियमांनी नव्या रचनेच्या विमानांसाठी अत्यावश्यक भाराला किमान ३० मिनिटांची अट घातली. परंतु हा आकडा चांगल्या स्थितीतील बॅटरीचा आणि वेळेवर भार कमी केल्याचा आहे. बिघाड दहा मिनिटे उशिरा लक्षात आला तर ती दहा मिनिटे आधीच खर्च झालेली असतात. जुन्या विमानात तर अर्धा तास गृहीतच धरू नये.

जवळ उतरावे की पुढे जावे

या साऱ्या प्रकरणात सर्वात जड निर्णय हाच, आणि जीव जातात ते बहुधा इथे चुकल्याने. ११ ऑक्टोबर १९८३ च्या रात्री एअर इलिनॉय कंपनीचे फ्लाइट ७१० अमेरिकेतील स्प्रिंगफील्डहून कार्बनडेलकडे निघाले. ते हॉकर सिडली ७४८ जातीचे होते. भारतात हेच विमान ‘अॅव्रो’ म्हणून ओळखले जाते आणि ते कानपूरलाही तयार होत असे. आकाराने ते सेसनापेक्षा कितीतरी मोठे, पण धडा तोच आहे. उड्डाणानंतर थोड्याच वेळात डावा जनरेटर बंद पडला आणि सहवैमानिकाने चुकून चालू असलेला उजवा जनरेटर तोडला. मागे वळले असते तर स्प्रिंगफील्डची धावपट्टी काही मिनिटांवर होती. कप्तानाने बॅटरीवर विसंबून पुढे जायचे ठरवले. सुमारे अर्ध्या तासात बॅटरी संपली, ढगांत आणि अंधारात क्षितिज दाखवणारी उपकरणे गेली आणि पिंक्नीव्हिलजवळ विमान कोसळले. विमानातील दहाही जण मरण पावले. जवळच्या विमानतळावर न परतण्याचा निर्णय हेच चौकशी मंडळाने संभाव्य कारण ठरवले.

दिवसा, स्वच्छ हवेत, जमीन दिसत असताना चित्र खूपच सौम्य असते. अशा वेळी अमेरिकी नियमही सांगतो की दृश्य परिस्थितीत राहून व्यवहार्य तितक्या लवकर उतरा. टॉवर (हवाई वाहतूक नियंत्रण कक्ष) नसलेला, मोकळा, लांब धावपट्टीचा विमानतळ जवळ असेल तर तो गर्दीच्या विमानतळापेक्षा कधीही बरा. ढग समोर असतील तर त्यांत शिरू नये. बॅटरी जिवंत असतानाच मोकळ्या आकाशाकडे वळावे.

रेडिओविना विमानतळावर

टॉवर असलेल्या विमानतळाजवळ आल्यावर आधी बाहेरून किंवा वरून पाहून घ्यावे : वाऱ्याची पिशवी कुठे झुकते आहे, इतर विमाने कोणत्या धावपट्टीवर उतरत आहेत. मग सर्किटमध्ये (उतरण्यापूर्वी विमानतळाभोवती घ्यायच्या ठरावीक फेरीत) शिरून टॉवरच्या काचेकडे लक्ष ठेवावे. तिथून दिव्याच्या बंदुकीने संकेत मिळतात आणि ते जगभर जवळपास सारखे आहेत. हवेतील विमानाला स्थिर हिरवा म्हणजे उतरायला परवानगी. लुकलुकता हिरवा म्हणजे उतरण्यासाठी परत या, स्थिर लाल म्हणजे इतरांना वाट देऊन घिरट्या चालू ठेवा, लुकलुकता लाल म्हणजे विमानतळ असुरक्षित, उतरू नका. दिवसा संकेत कळल्याची पोच पंख हलवून देतात. रात्री ती दिवे लुकलुकवून द्यायची असते, पण वीजच नसेल तर तीही सोय राहत नाही. टॉवर नसेल तर इतर वैमानिकांना रेडिओवर आपला आवाज ऐकू येत नाही, याचे भान ठेवून सर्किट मोठे, सावध आणि अपेक्षित मार्गाने करावे.

उतरताना

सेसनातले फ्लॅप विजेवर चालतात, आणि इथे एक सापळा आहे. शेवटच्या उरलेल्या विजेवर फ्लॅप पूर्ण खाली सोडले आणि नंतर वीज गेली, तर ते वर घेता येत नाहीत. जुन्या १७२ मध्ये फ्लॅप ४० अंशांपर्यंत उतरतात. त्या अवस्थेत गो-अराउंड (उतरणे सोडून पुन्हा वर चढणे) करायची वेळ आली तर विमान जेमतेम चढते. म्हणून लांब धावपट्टी हाती असेल तर फ्लॅप न वापरताच उतरणे शहाणपणाचे. त्याची किंमतही माहीत हवी : १७२ एस ची पुस्तिका अशा वेळी वेग ९ नॉट वाढवायला आणि अंतर ३५ टक्के जास्त धरायला सांगते. नाक नेहमीपेक्षा उंच दिसते, विमान धावपट्टीवर तरंगत राहते. घाईने खाली दाबू नये. पायपर चेरोकीत फ्लॅप हाताच्या दांड्याने चालतात, तिथे हा प्रश्नच येत नाही.

मागे घेता येणारी चाके असतील तर वीज शिल्लक असतानाच ती खाली सोडावीत. पायपर ॲरोत चाके हायड्रॉलिक दाबाने वर धरलेली असतात. आणीबाणीचा दांडा ओढून दाब सोडला की ती वजनाने खाली पडतात. बीचक्राफ्ट बोनान्झात हाताचा क्रँक सुमारे ५० वेळा फिरवावा लागतो. चाके घट्ट बसल्याचे सांगणारे तीन हिरवे दिवे वीज नसताना लागत नाहीत, हे आधीच ठाऊक असले पाहिजे.

रात्र असेल तर खिशात एक आणि हाताशी एक असे दोन टॉर्च हवेत. जवळ वेगळा हातातला रेडिओ असेल तर फार उत्तम. अमेरिकेतल्या अनेक लहान विमानतळांवर धावपट्टीचे दिवे वैमानिकच रेडिओचे बटण ठरावीक वेळा दाबून लावतो. रेडिओ गेला तर धावपट्टीही अंधारातच राहते. तिथे दिवे सतत चालू असलेला विमानतळ गाठणे भाग पडते. लँडिंग दिव्याविना उतरताना धावपट्टीच्या कडेच्या दिव्यांवरून उंची जोखावी, थोडी पॉवर ठेवून मंद उताराने यावे आणि जमीन आपसूक लागू द्यावी.

संगणक-नियंत्रित इंजिने

वर सांगितलेला दिलासा सर्व विमानांना लागू नाही. डायमंड डीए-४२ सारख्या डिझेल विमानात इंजिनाचा कारभार संगणक पाहतो आणि संगणकाला वीज लागते. मार्च २००७ मध्ये जर्मनीतील श्पायर येथे अशा विमानाची बॅटरी उतरलेली होती. बाहेरून वीज जोडून इंजिने सुरू केली गेली. उड्डाणानंतर चाके वर घेताना व्होल्टेज क्षणभर कोसळले, दोन्ही संगणक नव्याने सुरू झाले आणि दोन्ही इंजिने एकाच वेळी बंद पडली. गोंदियाच्या राष्ट्रीय उड्डाण प्रशिक्षण संस्थेत डायमंडचीच विमाने आहेत. म्हणजे जुन्या सेसनावर शिकलेल्या आणि डायमंडवर शिकलेल्या मराठी मुलामुलींना ‘वीज गेली’ या एकाच घटनेचे वेगवेगळे अर्थ शिकावे लागतात. अशा विमानात उतरलेल्या बॅटरीनिशी उडायचेच नाही. आधी ती नीट चार्ज करायची किंवा बदलायची.