गाडीच्या स्पीकरमधली शीळ

इंजिन बंद असताना गाणं स्वच्छ ऐकू येतं. इंजिन सुरू केलं की त्यामागे एक बारीक शीळ उमटते. ॲक्सिलरेटर दाबला की ती चढते, पाय काढला की उतरते. अशा वेळी बहुतेक जण आधी नॉइज फिल्टर विकत आणतात. माझं म्हणणं असं, की खर्च करण्याआधी तो आवाज नीट ऐकावा. तो कशाबरोबर बदलतो हे कळलं, की दोष कुठे आहे ते बऱ्यापैकी कळतं.

इंजिनाच्या वेगाबरोबर चढणारी ही शीळ अल्टरनेटरची, म्हणजे इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्राची. अल्टरनेटर मुळात तीन फेजची एसी वीज तयार करतो आणि त्यातले सहा डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारे भाग) तिची डीसी करतात. पण ही डीसी सपाट नसते, तिच्यावर बारीक लाटा उरतात. अनेक गाड्यांत रोटरला १२ ध्रुव असतात. म्हणजे एका फेऱ्यात एसीची ६ आवर्तनं आणि प्रत्येक आवर्तनामागे ६ लाटा, एकूण ३६. पुलीमुळे अल्टरनेटर इंजिनाच्या साधारण अडीच-तीन पट वेगाने फिरतो. तिप्पट धरू. इंजिन मिनिटाला ८०० फेऱ्यांवर असेल, तर अल्टरनेटर सेकंदाला ४० फेरे घेतो आणि लाटांची वारंवारता १४४० हर्ट्झ होते. इंजिन २००० फेऱ्यांवर गेलं की ३६०० हर्ट्झ. आपला कान सर्वांत तीक्ष्ण असतो तो २००० ते ५००० हर्ट्झच्या पट्ट्यात, म्हणून इतकी क्षीण शीळही टोचते.

या लाटा बॅटरी बऱ्याच अंशी शोषून घेते. तरीही त्या स्पीकरपर्यंत पोचतात, आणि त्याचं उत्तर बहुतेक वेळा अर्थिंगमध्ये सापडतं. गाडीचा लोखंडी सांगाडा हीच तिची निगेटिव्ह वायर. स्टिरिओचा अर्थ (सांगाड्याशी केलेला निगेटिव्ह जोड) डॅशबोर्डमागे जोडलेला, अँप्लिफायरचा डिकीत. मधल्या पत्र्यातून आणि जोडांतून दिव्यांचा, पंख्याचा, चार्जिंगचा प्रवाह वाहत असतो. तिथला रोध (विजेला होणारा अडथळा) एका ओमचा हजारावा भाग असला आणि ४० अँपिअर वाहत असले, तरी दोन टोकांमध्ये ४० मिलिव्होल्टचा फरक पडतो. हे दोन अर्थ आरसीए केबलच्या (स्टिरिओकडून अँप्लिफायरकडे सिग्नल नेणाऱ्या वायरच्या) बाहेरच्या जाळीने एकमेकांना जोडलेले असतात. त्यामुळे हा फरक, त्यावरच्या लाटांसकट, थेट गाण्याच्या सिग्नलमध्ये मिसळतो. गाण्याच्या हळुवार जागी सिग्नलही काही मिलिव्होल्टचाच असतो! यालाच ग्राउंड लूप म्हणतात.

दोष शोधायची सुरुवात अँप्लिफायरपासून करावी. सिस्टिम बंद करून त्याच्या आरसीए केबल काढायच्या, मग इंजिन आणि सिस्टिम सुरू करायची. शीळ गेली, तर ती केबलमधून किंवा स्टिरिओकडून येत होती. तशीच राहिली, तर अँप्लिफायरचा वीजपुरवठा किंवा त्याचा अर्थ तपासायचा. केबल परत लावून गाणं मोठ्याने चालू ठेवायचं आणि मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवून अँप्लिफायरचा अर्थ ते बॅटरीचं निगेटिव्ह टोक मोजायचं. ०.१ व्होल्टच्या वर आकडा दिसला, तर जोड कच्चा समजावा. इथे ओम मोजून उपयोग नाही, कारण साध्या मीटरच्या वायरींचा रोधच शोधायच्या रोधापेक्षा कितीतरी जास्त असतो. अर्थचा बोल्ट सोडवून पाहिला तर खाली बऱ्याचदा रंगाचा थर नाहीतर गंज दिसतो. चकचकीत धातू दिसेपर्यंत तो खरवडायचा, जाड आणि आखूड वायर घट्ट आवळायची आणि वरून ग्रीसचा हात फिरवायचा. पुष्कळ गाड्यांची शीळ इथेच संपते.

फोन ऑक्स केबलने (हेडफोनसारख्या पिनेच्या वायरने) स्टिरिओला जोडलेला असेल आणि तो गाडीतच चार्ज होत असेल, तर आधी चार्जर काढून पाहा. तिथेही लूपच होतो.

इंजिनाशी काही संबंध नसलेली एकसारखी 'सूं' वेगळी. बहुधा अँप्लिफायरचा गेन फार वर नेलेला असतो. गेन म्हणजे आवाजाचं बटण नव्हे, स्टिरिओच्या सिग्नलशी अँप्लिफायर जुळवून घेण्याची ती सोय आहे.

पेट्रोल गाडीत फक्त रेडिओवर, त्यातही एएमवर, इंजिनाच्या तालात तडतड येत असेल तर ती स्पार्क प्लगची. १८८७ च्या सुमारास हाइनरिश हर्ट्झ यांनी रेडिओलहरी निर्माण केल्या त्या विजेच्या ठिणगीतूनच, आणि प्लगची प्रत्येक ठिणगीही तेच करते. म्हणून अनेक प्लगमध्ये सुमारे ५००० ओमचा रोध बसवलेला असतो. प्लग बदलताना बिनरोधाचे लागले, की तडतड सुरू.

सिस्टिमला हात न लावता शीळ एकाएकी वाढली, तर मात्र अल्टरनेटरवर संशय घ्यावा. एक डायोड गेला की लाटा खूप मोठ्या होतात. इंजिन चालू ठेवून बॅटरीच्या टोकांवर एसी व्होल्ट मोजावेत. अर्ध्या व्होल्टच्या वर आले, तर अल्टरनेटर उघडून घ्यावा. अल्टरनेटर चालतोय का हे बघायला चालू इंजिनावर बॅटरीची वायर काढणारे अजून भेटतात. तसं कधीही करू नका. भार एकदम तुटला की व्होल्टेज क्षणात उसळतं आणि त्यात स्टिरिओच काय, इंजिनाचा कंट्रोल युनिटही जळू शकतो.