ईस्टर एग वेगळं, पेरणी वेगळी

'बॅक टू द फ्युचर'चा विषय निघाला की दहा मिनिटांच्या आत कोणीतरी डोळे मोठे करून विचारतंच, "तुला ते मॉलच्या पाटीचं ईस्टर एग माहितेय का?" माहितेय. कित्येक वर्षं माहितेय. आणि ते ईस्टर एग नाही.

सिनेमा तुम्ही पाहिलाय असं धरून चालतो, त्यामुळे १९८५ चा पोरगा मार्टी शास्त्रज्ञ डॉकच्या कालयंत्र-गाडीतून १९५५ मध्ये जातो एवढीच आठवण देतो, बाकी ताशी ८८ मैल कशासाठी वगैरे सांगत बसत नाही. ईस्टर एगही ठाऊक असेलच: सिनेमावाल्यांनी जाणकारांसाठी कोपऱ्यात दडवलेला खाऊ. सापडला तर गंमत, नाही सापडला तर काही अडत नाही. डॉकच्या घरातल्या त्या अवाढव्य ॲम्प्लिफायरवर 'सीआरएम ११४' लिहिलंय, ते दिग्दर्शक क्युब्रिकच्या 'डॉ. स्ट्रेंजलव्ह' सिनेमातल्या यंत्राचं नाव. ऑडिशनमध्ये हातात भोंगा घेऊन मार्टीच्या बँडला 'आवाज फार होतोय' म्हणून हाकलणारा परीक्षक म्हणजे गायक ह्युई लुईस, आणि पोरं वाजवत असतात ते गाणं त्याचंच. ही खरी ईस्टर एग्ज.

पेरणीचं तसं नाही. गोष्टीच्या सुरुवातीला मातीत बी टाकायचं, वरून माती लोटायची आणि त्याच गोष्टीत पुढे ते उगवू द्यायचं. आता पाटीकडे या.

सुरुवातीला मार्टी स्केटबोर्डवरून मध्यरात्री मॉलवर येतो तेव्हा पाटीवर लिहिलंय 'ट्विन पाइन्स मॉल', वर दोन झाडं. थोड्या वेळाने डॉक बोलता बोलता सांगून टाकतो की १९५५ साली इथे सगळी शेती होती, जमीन म्हाताऱ्या पीबॉडीची, आणि त्याला पाइनची झाडं वाढवायचं खूळ होतं. वाक्य इतकं सहज जातं की आपण ते गिळतो आणि विसरतो. मग मार्टी १९५५ मध्ये जाऊन थेट पीबॉडीच्या गोठ्यात घुसतो. घरच्यांना वाटतं परग्रहावरचं यान आलं. पीबॉडी बंदूक झाडतो, मार्टी गाडी दामटतो आणि दोन रोपट्यांपैकी एक चाकाखाली जातं. म्हातारा मागून ओरडतो ते आपली गोठ्याची पडझड सोडून, झाड मारलं म्हणून! प्रेक्षक हसतो. शेवटी मार्टी धापा टाकत परत त्याच मॉलपाशी पोचतो तर पाटीवर 'लोन पाइन मॉल'. एकच झाड. मार्टी पाटीकडे बघतसुद्धा नाही. कोणी अवाक्षर काढत नाही.

लोक फसतात ते नेमके इथे. कोणी बोललं नाही म्हणजे लपवलेलं, लपवलेलं म्हणजे ईस्टर एग, असा हिशेब. पण किती लपलंय यावर काहीच ठरत नाही. किल्ली कुठे ठेवलीय ते बघा. ह्युई लुईस ओळखायला सिनेमाबाहेरचं काहीतरी ठाऊक लागतं, तो चेहरा आणि ते गाणं. पाटी समजायला बाहेरचं काही लागत नाही. डॉकचं वाक्य, चाकाखालचं रोप, म्हाताऱ्याची बोंब, सगळं तुमच्यासमोरच ठेवलंय. बरं, पाटी काढून टाकली तर सिनेमाच लंगडा होतो, कारण भूतकाळात पाय पडला की वर्तमान बदलतो हे ती पाटी एका शब्दाशिवाय दाखवते. अशा कारागिरीला खाऊच्या पुडीत गुंडाळून ठेवलं की मला राग येतो, काय करू.

घड्याळाच्या मनोऱ्याची कड हाही त्याच रांगेतला दाखला. सुरुवातीच्या १९८५ मध्ये कड धड असते. वादळाच्या रात्री डॉकच्या पायाखाली ती फुटते. शेवटच्या १९८५ मध्ये ती फुटकीच असते. तिच्याकडेही कोणी बोट दाखवत नाही.

मग अवघड उदाहरण कुठलं? पहिलंच दृश्य. डॉकच्या घरात माणूस नाही, नुसती घड्याळं टिकटिकतायत. कॅमेरा सरकतो, भिंतीवर ब्राउन घराण्याची हवेली जळाल्याची कात्रणं आहेत, आणि घड्याळांच्या गर्दीत एका घड्याळाच्या काट्याला चष्मेवाला माणूस लोंबकळतोय. तो हॅरॉल्ड लॉइड, १९२३ च्या मूकपटातला. ही किल्ली सरळसरळ बाहेरची, म्हणजे ईस्टर एग. पण दीडेक तासाने डॉक स्वतः टॉवरच्या घड्याळाला तसाच लोंबकळतो, आणि बाहुला ज्याच्या लक्षात राहिला त्याला लॉइड माहीत नसला तरी धक्का बसतो. म्हणजे ती पेरणीही झाली. एका वस्तूला दोन कुलपं असू शकतात. मात्र जळालेल्या हवेलीची कात्रणं निव्वळ पेरणी. डॉक गॅरेजमध्ये का राहतो आणि १९५५ मध्ये तो एवढ्या मोठ्या घराचं दार का उघडतो, ते सिनेमा तोंडाने सांगत नाही, त्या भिंतीवरूनच कळतं.

आता माझा दुसरा ताप. पहिल्या भागात दुसऱ्याची 'बीजं' शोधणारे. शेवटी डॉक उडत्या गाडीतून येतो ती गंमत होती, पुढचा भाग ठरलेलाच नव्हता. 'क्रमशः' अशी पाटी १९८६ च्या व्हिडिओ कॅसेटवर चढली, थिएटरात नव्हती. मार्टीची मैत्रीण जेनिफर, तिलाही गाडीत बसवून दिलं, आणि पुढे लेखकांनाच प्रश्न पडला की हिचं करायचं काय. म्हणून दुसऱ्या भागात तिला लवकर झोपवून टाकतात. 'चिकन' म्हटलं की मार्टीचं डोकं फिरतं, ही खोडसुद्धा दुसऱ्या भागातली, पहिल्यात तिचा मागमूस नाही. कापणी झालेल्या शेतात नंतर जाऊन दाणे वेचले आणि म्हणे पेरणी केली होती!

दुसऱ्या-तिसऱ्या भागांची गोष्ट निराळी. ते पाठोपाठ चित्रित झाले, नोव्हेंबर १९८९ आणि मे १९९० मध्ये आले, त्यामुळे तिथे खरोखर पेरता आलं. दुसऱ्यात टबात बसलेला खलनायक बिफ टीव्हीवरच्या जुन्या सिनेमात नट क्लिंट ईस्टवूडला अंगरख्याखाली लोखंडी पत्रा लावून गोळ्या झेलताना बघतो आणि खिदळतो. तिसऱ्यात १८८५ मध्ये मार्टी चुलीचं दार छातीशी बांधून उभा राहतो. तो जुना सिनेमा तुम्ही पाहिलेला नसला तरी चालतं, लागेल तेवढा टीव्हीवर दाखवलाय.

गिटारबद्दल एक ओळ पुरे. १९५५ च्या नाचात मार्टीच्या हातातली लाल गिब्सन ईएस-३४५ बाजारात आली १९५८ साली. त्यातही गुप्त इशारा बघणारे आहेत. ती चूक आहे. तो वाजवतो ते गाणंही १९५८ चंच, पण ते मुद्दाम, मार्टी भविष्यातून आलाय म्हणून. गिटार तर स्थानिक बँडवाल्याची.

राहिली तिसऱ्या भागातली दरी. मार्टीच्या काळी तिचं नाव 'क्लेटन', तिथे पडून मेलेल्या मास्तरणीवरून. डॉक १८८५ मध्ये तिला वाचवतो. शेवटी मार्टी आगगाडीच्या रुळावरून १९८५ मध्ये परततो तेव्हा पाटी असते 'ईस्टवूड रॅव्हीन', कारण १८८५ मध्ये त्याने आपलं नाव क्लिंट ईस्टवूड सांगितलेलं असतं आणि गावाला वाटतं तो गाडीसकट खाली गेला. गोष्टीपुरती ही अस्सल पेरणी, पाइनच्या पाटीची सख्खी बहीण. पण हसू फुटायला तो नट ठाऊक हवा. म्हणून हिला कोणी ईस्टर एग म्हटलं तर मी अर्धे मार्क देतो. मॉलच्या पाटीला मात्र शून्यच.