मिनीडीव्ही कॅसेटसाठी संगणक: नवा वेगवान की जुना भरवशाचा?

जुन्या हँडीकॅममधली मिनीडीव्ही कॅसेट फिरायला लागली की तिच्यावरून दर सेकंदाला साधारण ३.६ मेगाबाइट माहिती बाहेर पडते. तासाभराच्या कॅसेटची सुमारे १३ गिगाबाइट होते. आजच्या साध्यातल्या साध्या हार्ड डिस्कलाही हा वेग किरकोळ आहे. तरीही कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एखाद्या संगणकाच्या दुकानात ‘व्हिडिओच्या कामासाठी पीसी पाहिजे’ असं म्हटलं, की बोलणं लगेच महागड्या प्रोसेसरवर आणि ग्राफिक्स कार्डवर जातं. एडिटिंगला त्यांचा उपयोग आहे, कॅसेटवरचं चित्रण संगणकात उतरवायला नाही. इथे लागतं ते योग्य पोर्ट आणि मध्येच दुसऱ्या कामाला न लागणारं यंत्र.

डीव्ही कॅमेऱ्यात चित्र टेपवर जातानाच डिजिटल झालेलं असतं. पाल पद्धतीत (भारतातली टीव्हीची पद्धत) ७२० बाय ५७६ बिंदूंची चौकट, सेकंदाला २५ चौकटी, आणि प्रत्येक चौकट स्वतंत्रपणे सुमारे पाचपट दाबून लिहिलेली. त्यामुळे संगणकात ‘कॅप्चर’ करणं म्हणजे टेपवरचे आकडे जसेच्या तसे फाइलमध्ये उतरवून घेणं, एवढंच. काही रूपांतर होत नाही, म्हणून गुणवत्ता घटायचं कारणही नाही. मात्र त्यासाठी कॅमेऱ्याच्या डीव्ही पोर्टातूनच माहिती घ्यायला हवी. या पोर्टाला फायरवायर म्हणतात, सोनीच्या कॅमेऱ्यावर त्याचं नाव आयलिंक असतं.

बाजारात सहज मिळते ती यूएसबीची छोटी कॅप्चर डोंगल, पिवळ्या-लाल-पांढऱ्या पिना जोडायची. व्हीएचएससाठी ती ठीक आहे. मिनीडीव्हीसाठी ती वापरली, तर आधीच डिजिटल असलेलं चित्र कॅमेरा पुन्हा ॲनालॉग करतो आणि डोंगल ते पुन्हा डिजिटल करून जास्तच दाबते. कडा पुसट होतात, लाल शालूचा रंग पसरतो. शिवाय टेपवर प्रत्येक चौकटीबरोबर नोंदलेली शूटिंगची तारीख आणि वेळ त्या फाइलमध्ये येतच नाही. फायरवायरने उतरवलेल्या फाइलमध्ये ती शाबूत राहते (शूटिंगच्या वेळी कॅमेऱ्याचं घड्याळ लावलेलं असलं तर), आणि तिच्या आधारे सॉफ्टवेअर प्रत्येक शॉटची वेगळी फाइल करून देतं. हळद कुठे संपली आणि अक्षता कुठे सुरू झाल्या, हे मग शोधत बसावं लागत नाही.

बऱ्याच कॅमेऱ्यांवर यूएसबीचंही पोर्ट असतं, पण बहुतेकांत ते मेमरी कार्डावरच्या फोटोंसाठी किंवा लहान आकाराच्या चित्रासाठी ठेवलेलं असतं. फायरवायरची केबल यूएसबीत बसवून देणारा स्वस्त जोड मिळतो, त्याने काहीच होत नाही. दोन्हींची भाषा वेगळी आहे, नुसती पिनांची जोडणी करून भागत नाही.

म्हणून संगणक निवडताना आधी खाच बघायची. जुना ऑफिसमधून निघालेला डेस्कटॉप, कोअर टू डुओ किंवा त्यानंतरच्या प्रोसेसरचा, ४ जीबी रॅम, एवढं पुरेसं आहे. त्याच्या मदरबोर्डावर पीसीआय किंवा पीसीआय एक्सप्रेस एक्स-वनची एक खाच मोकळी हवी, तिच्यात फायरवायर कार्ड बसतं. नव्या बोर्डांवर जुनी पीसीआय खाच सहसा नसते, तेव्हा कार्ड घेण्याआधी कॅबिनेट उघडून बघा. कॅबिनेट बारीक असेल तर कार्डाबरोबर आखूड पट्टी मिळते का, हेही विचारा, नाहीतर कार्ड बसतं पण स्क्रू लागत नाही. कार्डावरची चिप टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची असेल तर उत्तम, व्हीआयएचीही बहुधा चालते. लॅपटॉपच हवा असेल तर चार पिनांचं फायरवायर पोर्ट किंवा एक्सप्रेसकार्डची खाच असलेला जुना शोधावा.

विंडोज ७ वर हे काम विनातक्रार होतं. विंडोज १० वर कार्ड दिसतं पण कॅमेरा मध्येच गायब होतो, अशी वेळ आली तर मायक्रोसॉफ्टचा ‘लेगसी’ नावाचा १३९४ (फायरवायरचं तांत्रिक नाव) ड्रायव्हर वेगळा टाकून डिव्हाइस मॅनेजरमध्ये तो निवडावा. कॅप्चरसाठी विनडीव्ही हे चिमुकलं फुकट सॉफ्टवेअर पुरतं. लिनक्सवाल्यांसाठी डीव्हीग्रॅब आहे. ॲपलचा संगणक वापरायचा तर फायरवायर पोर्ट असलेला जुनाच बरा, मॅकओएस २६ मध्ये फायरवायरचा आधार काढून टाकला आहे.

आता मुख्य अडचण, फ्रेम (चौकट) गळणे. फायरवायरवर डीव्हीचा प्रवाह समकालिक पद्धतीने जातो: सेकंदाच्या आठ हजाराव्या भागाला एक पुडकं, आणि एखादं चुकलं तर ते पुन्हा पाठवलं जात नाही. टेप फिरतच असते, कॅमेरा संगणकासाठी थांबत नाही. त्या क्षणी अँटिव्हायरस डिस्क चाळत असेल, विंडोज अपडेट उतरत असेल किंवा स्क्रीन झोपत असेल, तर चौकट गेली. तासाभरात ९०,००० चौकटी येतात. सॉफ्टवेअरमधला ‘ड्रॉप्ड’चा आकडा शेवटपर्यंत शून्य राहिला पाहिजे. म्हणून नेट बंद, अँटिव्हायरस बंद, स्लीप बंद, आणि वीज जाण्याची भीती असेल तर यूपीएस लावलेला.

डिस्कचा वेग पुरतो, तिची मांडणी (फॉरमॅट) मात्र बघावी लागते. एफएटी ३२ मध्ये ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही, त्यामुळे कॅप्चर वीसेक मिनिटांत अडतं. एनटीएफएस किंवा एक्सफॅट करून घ्या. तीस कॅसेटी म्हणजे सुमारे ३९० जीबी, १ टीबीची डिस्क भरपूर झाली.

जोडताना घाई करू नका. संगणकाकडच्या सहा पिनांच्या टोकातून वीजही येते. जुन्या, ढिल्या पोर्टात ते टोक उलटं रेटलं तर ती वीज माहितीच्या तारांत शिरते आणि कॅमेऱ्याचं पोर्ट जळतं, हल्ली ते दुरुस्त करून मिळणं अवघड. कॅमेरा बंद ठेवून आधी संगणकाकडचं टोक लावावं, मग कॅमेऱ्याकडचं चार पिनांचं, आणि शेवटी कॅमेरा प्ले किंवा व्हीसीआर मोडवर सुरू करावा. बॅटरीवर नको, ॲडाप्टरवर चालवा. केबल साडेचार मीटरपेक्षा लांब नसावी.

चित्रात चौकोन फुटतात तेव्हा संगणकाला दोष देण्याआधी कॅमेऱ्याकडे बघा. आतला ड्रम मिनिटाला ९,००० फेऱ्या घेतो, त्यावर टेप वाचणारी दोन हेड असतात, म्हणजे सेकंदाला ३०० तिरक्या रेघा वाचल्या जातात, एका चौकटीला १२. प्रत्येक रेघेत चित्राचा ४८ ओळींचा एक आडवा पट्टा असतो. एक हेड मळलं की एकाआड एक पट्टा बिघडतो. असे नियमित आडवे पट्टे दिसले तर ड्राय क्लीनिंग कॅसेट दहा सेकंद चालवा, जास्त नको, ती हेड घासते. डाग कुठेही, अनियमित असतील तर बहुधा टेपच खराब आहे. टेप एलपी मोडवर (टेप हळू फिरवून जास्त वेळ भरण्याची सोय) भरलेली असेल, तर शक्यतो ज्या कॅमेऱ्याने शूट केलं त्यावरच चालवावी. आणि अमेरिकेतल्या नातेवाइकांनी पाठवलेली कॅसेट एनटीएससीची (तिकडची टीव्हीची पद्धत) असते, तिला बहुधा तसाच कॅमेरा लागतो.

कोल्हापूरचा पावसाळा या कामाला वाईट. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत कॅमेऱ्यात दव साचतं आणि तो थेंबाचं चिन्ह दाखवून टेप फिरवायला नकार देतो. तेव्हा कॅसेट काढून झाकण उघडं ठेवून तासभर थांबावं. कपाटात वर्षानुवर्षं राहिलेल्या कॅसेटीच्या खिडकीतून टेपच्या कडेवर पांढरट बुरशी दिसली तर ती चालवू नका, एक कॅसेट हेड बिघडवते आणि पुढच्या सगळ्या कॅसेटी त्याच हेडवरून जातात. चांगल्या कॅसेटीही आधी एकदा शेवटपर्यंत पुढे आणि परत मागे घ्याव्यात, चिकटलेले वेढे सुटतात. काम दसऱ्यानंतर काढलेलं बरं. २०१९ किंवा २०२१ च्या पंचगंगेच्या पुरात भिजलेली कॅसेट मात्र घरच्या कॅमेऱ्यात अजिबात घालू नये, आतला गाळ ड्रम खरवडतो. ती टेप दुरुस्त करणाऱ्याकडेच द्यावी.

उतरलेली मूळ डीव्ही फाइल तशीच जपा. मोबाइलवर पाठवायला लहान एमपीफोर वेगळी करा, इंटरलेस (एकाआड एक ओळींनी चित्र दाखवण्याची जुनी पद्धत) काढणं वगैरे तिच्यावरच. मूळ फाइलची दुसरी प्रत दुसऱ्या डिस्कवर करा, आणि घर पूररेषेच्या जवळ असेल तर ती डिस्क दुसऱ्या भागातल्या नातेवाइकांकडे ठेवायला द्या.