दोष रिॲक्टिव्हिटी रेशोचा की पाण्याचा?

स्टायरीन आणि ॲक्रिलोनायट्राइल या दोन मोनोमरचं (साखळीत जोडल्या जाणाऱ्या छोट्या रेणूंचं) सस्पेन्शन कोपॉलिमर केलं, म्हणजे पाण्यात घुसळून थेंबाथेंबात दोघांची मिश्र साखळी बनवली, आणि त्या थेंबांपासून झालेल्या मण्यांचं ॲनालिसिस हिशेबाशी जुळलं नाही, की पहिला संशय रिॲक्टिव्हिटी रेशोवर. पुष्कळदा तो बिचारा निर्दोष असतो. माल पाण्यात गेलेला असतो.

वाढत्या साखळीच्या टोकाला कोण जास्त पटकन जोडलं जाईल, एवढंच रेशो सांगतो. टोकाजवळ कोण किती हजर आहे, हे पाण्यातली विद्राव्यता ठरवते.

स्टायरीन आणि ॲक्रिलोनायट्राइलचं वजनाने साधारण 76:24 हे प्रमाण घ्या. बल्कमध्ये, म्हणजे पाण्याविना, इथे रेशोचा त्रासच नाही; जे फीडमध्ये (सुरुवातीच्या मिश्रणात) तेच साखळीत. आता असं 100 ग्रॅम मिश्रण 200 ग्रॅम पाण्यात घुसळा. स्टायरीन पाण्यात जेमतेम 0.03 टक्के विरघळतं, ॲक्रिलोनायट्राइल 7 टक्क्यांच्या आसपास. समजा 5 ग्रॅम ॲक्रिलोनायट्राइल पाण्यात उतरलं. थेंबात उरले 76 आणि 19, म्हणजे 80:20. साखळी सुरू करणारं बेंझॉइल पेरॉक्साइड थेंबातच असतं, साखळ्याही तिथेच वाढतात. कागदावरचं 76:24 त्यांच्या गावीही नसतं.

शिवाय पाण्यात गेलेलं तिथेच बसून राहत नाही. थेंबातलं संपत आलं की ते परत आत शिरतं. म्हणून सुरुवातीच्या साखळ्यांत ॲक्रिलोनायट्राइल कमी, शेवटच्यांत जास्त. फरक चार-पाच टक्क्यांपुढे गेला की साखळ्या एकमेकींत मिसळत नाहीत आणि काचेसारखा दिसायला हवा तो माल धुरकट होतो. मिथाइल मेथाक्रिलेट हा दुसरा मोनोमर पाण्यात दीडेक टक्का विरघळतो. तिथे हेच, पण सौम्य.

ओळखायचं कसं? तेच फीड बंद ॲम्प्यूलमध्ये (काचेच्या छोट्या नळीत), पाण्याविना पॉलिमराइज करा आणि कमी कन्व्हर्जनला, म्हणजे थोडाच मोनोमर साखळीत गेला असताना, थांबवा. तिथेही घोळ दिसला तर रेशो. पाणी वाढवल्यावर घोळ वाढला तर विद्राव्यता. (सस्पेन्शनचे आकडे थेट फीडशी लावून काढलेले रेशो मी तरी वापरत नाही, पाण्याचं प्रमाण बदललं की तेही बदलतात.)

रेशोचा त्रास असेल तर लवकर संपणारा मोनोमर हळूहळू सोडत राहायचा. विद्राव्यतेचा असेल तर पाणी कमी करायचं, त्यात मीठ घालायचं किंवा निसटणारा मोनोमर आधीच जास्त घ्यायचा. आणि मणी गाळल्यावर पाणी दुधाळ निघालं, तर पाण्यातही साखळ्या वाढल्या असण्याची दाट शक्यता. तिथे सोडियम नायट्राइटसारखा पाण्यातच राहून तिथे साखळ्या वाढू न देणारा इनहिबिटर लागतो.