समईतलं तेल आणि माणसाचा निर्दोषपणा: हिब्रू 'जाख' शब्दाचा माग

हिब्रू बायबलमध्ये शुद्धतेसाठी आणि निर्दोषपणासाठी निदान चार शब्द आहेत आणि भाषांतरात त्यांच्यातले फरक अनेकदा पुसले जातात. 'ताहोर' हे साधारण आपल्या सोवळ्यासारखं: प्रेताला हात लागला की जातं, ठरलेला विधी केला की परत येतं. 'नाकी' म्हणजे आरोपातून किंवा शिक्षेतून मोकळा. 'तामीम' म्हणजे अव्यंग, बळीचा पशू असावा लागे तसा. चौथा शब्द 'जाख'. त्यातला ज 'जमीन'मधला आणि ख घशातून घासून काढायचा.

फरक कळायला ज्यूंच्या प्राचीन पूजास्थानातली सात दिव्यांची समई बघावी. बायबलमधल्या निर्गम या पुस्तकात, २५:३१ मध्ये तिचं सोनं 'ताहोर' आहे, तर २७:२० मध्ये तिच्यात घालायचं ऑलिव्हचं तेल 'जाख' आहे. त्या तेलाला आणखी एक विशेषण जोडलंय, 'काथीत', म्हणजे कुटलेलं. सगळी मेख या कुटण्यात आहे.

पिकलेल्या ऑलिव्हमध्ये ढोबळमानाने निम्मं पाणी आणि पाचवा हिस्सा तेल असतं. फळ दगडी चाकाखाली बीसकट भरडून दाबलं की तेल भरपूर सुटतं, पण गराचे बारीक कण आणि कडू, काळपट पाणीही त्यात मिसळतं. असं गढूळ तेल दिव्यात घातलं तर पाण्यामुळे वात तडतडते, गाळ वातीत अडकतो, तेल वर चढेनासं होतं आणि ज्योत काजळी धरते. इ.स. २०० च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना या ज्यू धर्मनियमांच्या ग्रंथात, मनाहोत या भागात, यावरची कृती दिली आहे. झाडाच्या शेंड्यावरची पिकलेली फळं काढायची, कुटायची, टोपलीत भरायची आणि दाब न देता आपोआप झिरपेल ते पहिलं तेल धरायचं. मग टोपली तुळईखाली दाबून दुसरं. उरलेला चोथा दळून, पुन्हा दाबून तिसरं. समईला फक्त पहिलं चाले, बाकीचं धान्याच्या अर्पणाला. दर दिव्याला रात्रीचं माप अर्धा लोग. एक लोग साधारण ०.३ लिटर धरला तर सात दिव्यांना रोज लिटरभर तेल लागे. (कोकणातल्या बेने इस्राएल या ज्यू समाजाचाही पूर्वीचा धंदा तेल गाळण्याचाच. शनिवार हा विश्रांतीचा दिवस, त्या दिवशी घाणे बंद ठेवत म्हणून लोक त्यांना 'शनवार तेली' म्हणत.)

म्हणजे 'जाख' हे सोवळं नव्हे. ज्यात दुसरं काही मिसळलेलं नाही, ज्यातून उजेड आरपार जातो, ते जाख. मराठीत 'नितळ' त्याच्या सर्वांत जवळ जातो, असं माझं मत.

हे विशेषण हिब्रू बायबलमध्ये ११ वेळा येतं. त्यातल्या चार जागा वस्तूंच्या: दोनदा तेल, दोनदा लोबान. उरलेल्या सात माणसाच्या वागण्याबोलण्याच्या, आणि त्या सगळ्या ईयोब व नीतिसूत्रे या दोनच पुस्तकांत. त्या सात जागा ओळीने वाचल्या की एक गंमत दिसते. तेल जाख आहे की नाही ते डोळ्यांना दिसतं. माणसाच्या बाबतीत मात्र तो बहुधा नुसता दावा असतो. नीतिसूत्रे १६:२ म्हणतं, माणसाचे सगळे मार्ग त्याच्या स्वतःच्या नजरेत जाख असतात. ईयोब हा संकटांनी ग्रासलेला, तरी आपण निर्दोष आहोत म्हणणारा माणूस; बिल्दद, सोफर आणि अलीहू त्याच्याशी वाद घालतात. ईयोब ८:६ मध्ये बिल्दद 'जर तू जाख असशील तर' अशी अट घालतो. ११:४ मध्ये सोफर आणि ३३:९ मध्ये अलीहू हा शब्द ईयोबाच्या तोंडी घालतात, तेही त्याला खोडून काढण्यासाठी. ईयोब स्वतः १६:१७ मध्ये एवढंच म्हणतो की माझी प्रार्थना जाख आहे. ९:३० मध्ये तो याच कुळातलं क्रियापद वापरतो: हात क्षाराने स्वच्छ केले तरी देव मला खड्ड्यात बुचकळेल.

याच कुळातले आणखी शब्द आहेत. ईयोब २८:१७ मध्ये सोन्याच्या बरोबरीने 'जखूखीत' येते, म्हणजे काच. दानीएल सिंहांच्या गुहेतून वाचला तेव्हा देवापुढे आपण निर्दोष ठरलो हे सांगायला त्याने 'जाखू' हा अरामी, म्हणजे हिब्रूच्या जवळच्या भाषेतला, शब्द वापरला. मराठी बायबलमध्ये हे वचन ६:२२ आहे, हिब्रू आवृत्तीत ६:२३. ताडून पाहताना इथे हमखास चूक होते. पुढे 'जकाय' म्हणजे न्यायालयात निर्दोष सुटलेला, आणि आजच्या इस्रायलमध्येही तोच शब्द चालतो.

दानधर्मासाठीचा अरबी शब्द 'जकात' याच कुळातल्या अरामी शब्दावरून आला असावा, असं अनेक अभ्यासक मानतात. फारसीमार्फत तो मराठीत येईपर्यंत त्याचा अर्थ नाक्यावरचा कर एवढाच उरला. पण नातं आहे म्हणून दानधर्माचा किंवा कराचा अर्थ ईयोबाच्या तोंडी घालणं चूक आहे. शब्दाचा अर्थ त्याच्या काळातल्या वापरावरून काढावा लागतो आणि इथे तो वापर त्या ११ जागांत सापडतो.